दीड सेकंद

तपकीर गल्लीत, तिसऱ्या दुकानात,
परमारांच्या नातवानं काचेवर चार डबे मांडले
आणि सुरू झाला:
मेगापिक्सेल, अंधारातलं दिसणं,
एकाच डोळ्यात मावणारा अख्खा जिना,
मांजर हललं तरी मोबाईलवर वर्दी.

म्हटलं, गुरुवारी लाईट जाते आमच्याकडे.
बॅटरीवाली घ्या मावशी, चार महिने बघायला नको.
आणि चार महिन्यांनी आठवण कोण करणार, तू?
करतो की, म्हणाला, नंबर द्या.
हसला नाही. बरा वाटला.

वायफाय गेलं तर?
चित्रं साठतात कुठं, कार्डात
की दरमहा भाडं मोजून कुठल्याशा ढगात?
भाडं थकलं तर माझंच दार मला दाखवणार नाही?
कंपनीनं गाशा गुंडाळला तर
भिंतीवर उरणार काय, बटण?

मृण्मयीनं लिहून दिलेला कागद इथे संपला.
मग माझा एक विचारला:
आवाज किती उशिरा पोचतो?

त्यानं मान वर केली.
हे कुणी विचारत नाही.
सगळ्यांना चेहरा बघायचा असतो.

चेहऱ्याचं मला काय.
अठरा वर्षं ट्रंक बोर्डावर काढली,
बार्शी, नगर, बेळगाव, पुन्हा बार्शी,
एकाचाही चेहरा पाहिला नाही
आणि कोणाकडे कोण गेलंय
ते ‘हॅलो’च्या आधीच्या श्वासावरून कळायचं.

माझी अडचण निराळी आहे.
गुडघा बदलल्यापासून
दिवाण ते दार, मला पंचेचाळीस सेकंद लागतात.
मोजलेत.
कुरियरवाला वीस थांबतो.
सिलिंडरवाला तीस, तेही
तीन जिन्यांचा दम जिरेपर्यंत.
इस्त्रीचे परदेशी गठ्ठा कडीला अडकवून मोकळे.
आणि फेब्रुवारीत एकदा
कडी काढली तेव्हा जिन्यात नुसत्या
उतरणाऱ्या चपला,
डाव्या पायावर जोर देत, सावकाश.
आमच्या बोर्डावरची नलिनी बिडकर तशी चालायची.
हाक मारली, ती माझ्याच मजल्यावर राहिली.
खिडकीशी पोचेपर्यंत रिक्षा
सहकारनगरच्या उतारावर वळली होती.

नलिनीच असेल असं नाही.

म्हणून, पोरा, कोण आलंय ते मला बघायचं नाहीये.
मला सांगायचंय: थांबा, येतेय.

तो डबा फोडून बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिला,
हातगाड्या चुकवत, कानाशी यंत्र धरून.
पहिली: साताऱ्यावरून फिरून आल्यासारखी, तीन सेकंद.
दुसरी: रांजणातून बोलणारी.
तिसरी महागडी, तिला माझं ‘येतेय’
नको असलेला गोंगाट वाटला, गाळूनच टाकलं तिनं.
चौथी, दीड सेकंद.
थोडी खरखर.
खरखर चालेल, म्हटलं, खरखर ओळखीची आहे.

शनिवारी त्याचाच माणूस येऊन बसवून गेला.
चौकटीचा भुसा मी झाडला.

मग दार ओढून घेतलं,
पिशवीत किल्ली आहे ना बघितलं, दोनदा,
आणि स्वतःच्या घराची बेल दाबली.
हातातला मोबाईल थरथरला.
त्यात एक बाई, पांढरी, मला वाटली होती त्याहून
बुटकी, कॅमेऱ्याकडे न बघता उभी.
म्हटलं तिला: थांबा, येतेय.

काहीच नाही.

आणि मग भिंतीतून आला,
खरखरीच्या मागून,
रात्रपाळीतला माझा आवाज, बोर्डावरचा,
घाई नसलेला:
थांबा, येतेय.

थांबले.
पंचेचाळीस होऊन गेले असतील.
कचऱ्याची बादली घेऊन फडतऱ्यांची सून उतरत होती,
काकू, किल्ली विसरलात का?

नाही गं, म्हटलं,
आतून येतायत.